थेंबे थेंबे पॉइंट साचे

पगाराच्या बँकेने गळ्यात मारलेलं एकुलतं एक क्रेडिट कार्ड घेऊन तुम्ही अजून हिंडत असाल, तर निदान कुणाला सांगू नका. आमच्या सोसायटीत गणपतीच्या मीटिंगला हल्ली आधी कार्डांचा विषय निघतो आणि वर्गणीचा मग. ज्या काकांनी जन्मात पासबुकापलीकडे काही वाचलं नाही, ते परवा मखराचं बोलणं चाललं असताना मध्येच म्हणाले, "पण ट्रान्स्फर रेशो किती मिळतोय?" सगळे गप्प झाले. काकांना यंदा एकमताने खजिनदार केलं आहे.

तेव्हा तयारीला लागा. फुकट ते पौष्टिक हे आपल्याला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक असतं, आणि विमानाचं फुकट तिकीट म्हणजे तर च्यवनप्राश. कार्डाने खर्च केला की बँक पॉइंट देते, पॉइंटांचे विमान कंपनीचे माइल होतात आणि माइलांचं तिकीट; पॉइंटांचे माइल ज्या भावाने होतात तोच काकांचा ट्रान्स्फर रेशो. सुरुवातीला सहा कार्डं पुरतात. एक किराण्याला, एक पेट्रोलला, एक हॉटेलात, एक ऑनलाइन खरेदीला, एक रुपे कार्ड यूपीआयला जोडून मंडईसाठी, आणि एक फक्त परदेशासाठी, जे वर्षभर कपाटात लॉकरच्या किल्लीशेजारी ठेवायचं. प्रत्येकाची बिलाची तारीख वेगळी असते. एखादी चुकलीच तर महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर व्याज लागतं. घाबरू नका. आपल्या आजोबा-पणजोबांनीही सावकाराचं व्याज सोसलं, आणि त्यांना तर विमानतळावरचं लाउंजही मिळत नव्हतं.

मग कोड पाठ करायला घ्या. कार्ड घासलं की दुकान कशाचं आहे हे बँकेला चार आकड्यांवरून कळतं. किराणा ५४११, हॉटेल ५८१२, पेट्रोल ५५४१, देवस्थान ८६६१. कुठल्या कोडला पॉइंट दुप्पट आणि कुठल्याला शून्य, हे बँक अधूनमधून बदलते आणि ईमेलच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात कळवते. घरभाड्याचा ६५१३ हा एकेकाळी राजयोग होता. लोक सख्ख्या भावाला घरमालक करून कार्डाने भाडं भरत, भाऊ ते गुपचूप परत पाठवी, आणि पॉइंटांवर दोघे दुबईला जात. २०२२ पासून बँका त्यावर एक टक्का शुल्क लावू लागल्या आणि कितीतरी भाऊ पुन्हा नुसते भाऊ राहिले.

मंडईत मात्र अजून वाव आहे. रुपे क्रेडिट कार्ड २०२२ पासून यूपीआयला जोडता येतं. अट एवढीच, की समोरचा क्यूआर कोड व्यापारी खात्याचा हवा. कुणाच्या बचत खात्याचा असला तर क्रेडिट कार्डाचे पैसे जात नाहीत. त्यामुळे भेंडी कोवळी आहे का, हे नंतर बघायचं. आधी विचारायचं, "मावशी, हा क्यूआर मर्चंटचा का पर्सनल?" आमच्या मावशी म्हणाल्या, "पोराचा हाय." पोराला पटवण्यात माझे तीन रविवार गेले. तोवर मी शेजारच्या गाळ्यावरून जून भेंडी आणत होतो, कारण त्याचा क्यूआर कोवळा होता.

माझ्या कार्डावर दर दीडशे रुपयांमागे ४ पॉइंट पडतात. दीडशे पुरे झाले तरच. १४९ रुपयांच्या भाजीला भोपळा, तोही न मागता. म्हणून १४० वर काटा अडकला की मी दहाची कोथिंबीर वाढवतो. २९० झाले की पुन्हा दहाची कोथिंबीर. आमच्या फ्रिजमध्ये कुठल्याही क्षणी पाच-सात जुड्या असतात आणि आठवड्याला एकदा तरी कोथिंबीरवडी होते. तिच्यासाठी जे बेसन आणावं लागतं ते ५४११ मध्ये बसतं, हा वरचा फायदा.

जेवायला बाहेर जाल तेव्हा अशी खुर्ची धरा, की वेटर आधी तुमच्याकडे येईल. "मी भरतो रे, तुम्ही मला जीपे करा," हे वाक्य बिल टेबलाला टेकायच्या आत तोंडातून सुटलं पाहिजे. आमच्या शाळेच्या बॅचचे अकराजण जमलो होतो. बिल आलं आणि चार हात एकदम त्या बडीशेपेच्या वाटीवर पडले. पूर्वी अशा वेळी चार जण एकदम हात धुवायला उठायचे. मी जिंकलो. बिल ९,२४० रुपये, पॉइंट २४४, आणि माझा एक पॉइंट पन्नास पैशांचा, म्हणजे निव्वळ १२२ रुपयांची कमाई. दोघांचे प्रत्येकी ८४० अजून यायचे आहेत. फेब्रुवारीतली गोष्ट आहे, आता मागायला कसंतरी वाटतं.

नातेवाइकांना कमी लेखू नका. साडूंचा फ्रिज, मेहुण्याचा लॅपटॉप, सासूबाईंचा चष्मा, सगळं आपल्या कार्डावर आलं पाहिजे. कुणाच्या घरची वॉशिंग मशिन कधी घ्यायला आली आहे, याच्याकडे आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखं लक्ष हवं. भाचीच्या लग्नात कार्यालयाचे मालक म्हणाले, "कार्डाने देणार असाल तर दोन टक्के वर लागतील." माझी कमाई एक पूर्णांक तेहतीस शतांश टक्के. मी बाजूला जाऊन नीट हिशेब केला, परत आलो आणि कार्ड दिलं. तिमाहीचा लाउंजचा खर्च पुरा व्हायचा होता ना.

हे लाउंज प्रकरण समजून घ्या. पूर्वी दोन रुपये घासले की आत सोडायचे. आता बऱ्याच कार्डांना आधीच्या तिमाहीत अमुक हजारांचा खर्च दाखवावा लागतो. एवढं करून मिळवलेला हक्क वाया घालवायचा नाही. सकाळी सहाचं विमान असलं तर दोनला घर सोडा. साडेतीनला लाउंजबाहेर रांग असते. तीत आपल्यासारखेच लोक मोबाइलवर कुठलं कार्ड चालेल ते शोधत उभे असतात. आत गेल्यावर एका थाळीत इडली, पास्ता आणि गुलाबजाम घ्या. पहाटे चारला भूक कुणाला असते, हा प्रश्न विचारायचा नाही. आमची ही आत येत नाही. ती घरून आणलेलं थालीपीठ गेटजवळ बसून खाते आणि पर्स उशाला घेऊन तासभर झोप काढते. तिला अजून यातलं काही कळलेलं नाही.

हा उद्योग काल-परवाचा आहे असं समजू नका. १९८१ सालच्या १ मे रोजी, आपण महाराष्ट्र दिनाची सुट्टी घेऊन बसलो होतो तेव्हा, अमेरिकन एअरलाइन्सने आपली माइलांची योजना काढली. पुढे १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड फिलिप्स नावाच्या इंजिनिअरने पुडिंगचे १२,१५० डबे घेतले. डब्यांमागे मिळणाऱ्या माइलांची किंमत पुडिंगपेक्षा जास्त होती. तीनेक हजार डॉलरमध्ये साडेबारा लाख माइल. त्याच्या शेजाऱ्यांनी त्या काळात काय सोसलं असेल ते माझ्या कोथिंबीरवड्या खाणाऱ्या शेजाऱ्यांना विचारा. त्याहून पुढची मजल टांकसाळीची. अमेरिकन सरकारला एक डॉलरची नाणी चलनात आणायची होती, म्हणून टांकसाळ ती दर्शनी किमतीत, टपालखर्च न लावता घरपोच देई. लोकांनी क्रेडिट कार्डावर पेट्याच्या पेट्या मागवल्या, त्या तशाच बँकेत नेऊन भरल्या, त्याच पैशांनी बिल फेडलं आणि माइल खिशात घातले. २०११ मध्ये टांकसाळीने कार्ड घेणंच बंद केलं. आपल्याकडे असं काही निघालं, तर मला आधी कळवा.

आता परदेश. तिथे आपल्या साध्या क्रेडिट कार्डाला साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे चलन बदलल्याचं बँकेचं शुल्क, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, मिळून ४.१३. लाखभर रुपये खर्चले तर ४,१३० रुपये जातात आणि पॉइंट येतात १,३३३ रुपयांचे. कमकुवत मनाचा माणूस इथे वजाबाकी करतो. तुम्ही फक्त दुसऱ्या आकड्याकडे बघा.

वजाबाकी करणाऱ्यांसाठी बहुचलनी फॉरेक्स कार्ड असतं. ते म्हणजे आपला मिसळणाचा डबा: डॉलरची वाटी वेगळी, युरोची वेगळी, दिरहॅमची वेगळी. ज्या देशात जाल तिथली वाटी आधी भरून ठेवायची, तीही भाव उतरलेला असताना. मी गेल्या वर्षी रोज रात्री जेवणानंतर डॉलरचा भाव बघत होतो. आईला वाटायचं, मी ज्ञानेश्वरी वाचतोय. चार महिने थांबून जो भाव दिसला, त्यात अकराशे रुपये वाचले असते. पण मी ज्या दिवशी भरले त्या दिवशी तो भाव नव्हता.

आणि आम्ही गेलो व्हिएतनामला. तिथलं चलन डाँग, आणि डाँगची वाटी त्या डब्यात नाहीच. डॉलरच्या वाटीतून डाँग खर्च केले की दुसऱ्या चलनाचं शुल्क वेगळं. होइ आनला शिंप्यांची दुकानं फार. तिथे मी तीन शर्ट शिवून घेतले. बिल नऊ लाख साठ हजार डाँग. आकडा ऐकून छाती दडपते, पण साधारण तीनशे डाँगांचा एक रुपया धरा. मी मशिनपुढे सहा कार्डं पत्त्यांसारखी पसरली. पहिलं चाललं नाही, कारण २०२० पासून नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार बंदच असतो, अ‍ॅपमध्ये जाऊन तो आपण सुरू करायचा. अ‍ॅपने ओटीपी मागितला. ओटीपी भारतातल्या सिमवर येणार, आणि रोमिंग मी पैसे वाचवायला घेतलं नव्हतं. दुसऱ्याचा पिन मी किराण्याच्या कार्डाचा टाकला, तीनदा. तिसऱ्यावर मशिनने विचारलं, डाँग का रुपये?

हा क्षण नीट लक्षात ठेवा. परक्या मुलखात, समुद्रापल्याड, एका यंत्राच्या पडद्यावर रुपयाचं चिन्ह दिसतं. ऊर भरून येतो. भरू द्या आणि रुपयेच दाबा. मग भाव तिथलं यंत्र ठरवतं, चांगला मार्जिन लावून, आणि इकडची बँकही बहुतेक वेळा तो व्यवहार परदेशीच धरून आपलं शुल्क आणि जीएसटी घेते. स्थानिक चलन निवडणारे पुष्कळ वाचवतात, पण त्यांना देशाबद्दल काही वाटत नसावं.

मी दाबणार एवढ्यात आमच्या हिने पर्स उघडली आणि पाच-पाच लाखांच्या दोन नोटा मोजल्या. घरून नेलेले डॉलर तिने सकाळी हॉटेलसमोरच्या काउंटरवर बदलले होते. शिंप्याने चाळीस हजार परत दिले. दहा लाखांचा रोख व्यवहार आणि पॉइंट एकही नाही. मी त्यातला एकही शर्ट अजून घातलेला नाही.

परत आल्यावर डब्याच्या तळाशी जे उरतं त्याचंही बघायला हवं. माझ्या कार्डात आज ११.६० सिंगापूर डॉलर, साडेचार युरो आणि ६ दिरहॅम आहेत. ते परत घ्यायला जे शुल्क लागेल ते त्यांच्याहून मोठं. बरीच वर्षं न वापरता ठेवलं तर पडून राहिल्याचं शुल्क. थोडक्यात, ते खर्चायला तीन देशांत जायला हवं. फॉरेक्स कार्डात वर्षाला दहा लाखांच्या वर भराल तर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतात, तेवढं सांभाळा. क्रेडिट कार्डाच्या परदेशी खर्चालाही तो लावायचं सरकारने मे २०२३ मध्ये ठरवलं होतं आणि जूनअखेर थांबवलं. माझ्या ६ दिरहॅमना तूर्त धोका नाही.

पॉइंट साठले की माइल करा, पण कुठल्या विमान कंपनीचे, हे पंचांग बघून ठरवा. किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये जमिनीवर आली. जेटची विमानं १७ एप्रिल २०१९ ला थांबली. तिचे माइल मात्र नाव बदलून पुढे चालू राहिले. घोडा गेला तरी लगाम हातात राहावा तसं. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात मिसळली आणि पॉइंटही सासरी गेले.

माझे यंदा ऑगस्टमध्ये ४८ हजार पुरे झाले. म्हणजे तीन वर्षांत अठरा लाखांचा खर्च, त्यातला थोडाफार माझा. मुदत संपायला नऊ दिवस असताना मी दोनास एक या भावाने २४ हजार माइल केले, त्याचे ९९ रुपये अधिक जीएसटी दिले आणि रात्री दीड वाजता सिंगापूर शोधलं. दिवाळीत जागा नाही. नाताळात नाही. मिळाली ती पितृपक्षातल्या मंगळवारी, पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी, एकच, तीही जायची. शिवाय कर आणि शुल्कं म्हणून सात हजार वेगळे.

मी हिला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "मग मी जाते. ताईकडे उतरेन, साडूंच्या फ्रिजमध्ये काय असतं तेही बघते. तुमच्या त्या कोथिंबिरीचं तुम्ही बघा."

मी सात हजार भरले, प्रवासाच्या कार्डाने, चार पॉइंटांच्या हिशेबाने. परतीचं तिकीट तिने तिथेच पलंगावर बसून स्वतः काढलं, बारा हजार सहाशेला. माझ्या डोळ्यांदेखत, डेबिट कार्डाने.