‘हरणे सोसत नाही म्हणून मुले खेळ सोडतात’ या मजकुराबाबत खुलासा

अमेरिकेतील ७० टक्के मुले १३ व्या वर्षापर्यंत संघटित खेळ सोडतात, कारण त्यांना हरणे सोसत नाही, असा मजकूर पालकांमध्ये फिरत आहे. आकडा जपूनच वापरावा. फुटबॉल सोडून पोहण्याकडे वळलेली मुलगी संघाच्या यादीत ‘गळालेली’ ठरते, पण पहाटे ती तलावावर असते. कारण तर मुळीच पटणारे नाही. सोडणारी मुले वारंवार ‘मजा येत नाही’ असे सांगतात, आणि जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी फुटबॉल खेळणारी मुले, पालक व प्रशिक्षक यांच्याकडून आनंदाचे ८१ घटक जमवले, तेव्हा जिंकणे ४८ व्या क्रमांकावर होते. जीव तोडून खेळणे, संघातली मैत्री आणि प्रशिक्षकाची आपुलकी (चुकलेल्या पासवर कडेने ओरडणाऱ्या पालकांनी हे जरूर वाचावे) कितीतरी वर होती.