हँडलवरचा फोन : 'घणसोलीकर' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

घणसोलीकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया शुक्रवारी रात्री वाचली आणि आधी रागच आला, हे कबूल करतो. लगेच उत्तर लिहायला बसलोही होतो. बरं झालं, तेवढ्यात लाईट गेली.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की सायकलने कामावर जाताना फोन हँडलवर लावूच नये, दांडीवरच्या छोट्या पिशवीत बंद करून ठेवावा. हादऱ्यांनी कॅमेरा खराब होतो, फोन पडतो आणि नजर रस्त्यावरून हटते, अशी कारणं दिली होती. त्यावर घणसोलीकर म्हणतात : "दादा, तुम्ही रविवारचे सायकलवाले. मी घणसोली-कोपरखैरण्यात बॅटरीच्या सायकलवर दिवसाला पंचवीस-तीस डिलिव्हऱ्या करतो. फोन पिशवीत टाकला तर ऑर्डर दुसऱ्याला जाते. कॅमेऱ्याचं तुम्ही सांगता ते मोटारसायकलबद्दल आहे, सायकलबद्दल नाही. आणि तुमच्या त्या पिशवीच्या पैशात माझी दोन दिवसांची कमाई जाते. उपदेश करायला काय जातंय?"

कॅमेऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे मी सरळसरळ चुकलो.

अ‍ॅपलने सप्टेंबर २०२१ मध्ये ग्राहकांसाठी एक सूचना काढली होती, तिच्या आधारावर मी तो परिच्छेद लिहिला. तुमची प्रतिक्रिया वाचून ती सूचना पुन्हा उघडली. तीत उल्लेख आहे तो ताकदवान इंजिनाच्या मोटारसायकलींचा. मोपेड आणि इलेक्ट्रिक स्कूटरवर फोन लावायचा तर हादरे शोषणारा होल्डर वापरा, असं पुढे म्हटलंय. सायकलचं नाव कुठेही नाही. मी ते आपल्या मनाने घुसडलं होतं. फोनमध्ये हात हलला तरी फोटो स्थिर यावा म्हणून भिंग किंचित सरकवणारी एक नाजूक यंत्रणा असते. इंजिनाची बारीक, सलग थरथर हँडलमधून तासन् तास तिच्यापर्यंत पोचत राहिली तर ती बिघडू शकते. सायकलला इंजिनच नाही. खड्ड्याचे दणके बसतात, पण ते सुटे सुटे असतात. तुमच्या बॅटरीच्या सायकलची चाकातली मोटरही अशी थरथरत नाही.

माझ्या जुन्या फोनचा कॅमेरा मात्र गेला होता, हे खरं. नऊ महिने हँडलवर होता, मग चित्र जेलीसारखं डुचमळायला लागलं. पण तोच फोन त्या नऊ महिन्यांत दोनदा जमिनीवर आपटलाही होता, आणि ही गोष्ट लेखात लिहायची मी सोयीस्कर विसरलो. दोष कशाचा ते आता कसं ठरवणार? तुमच्या सायकलचे टायर हवेचे नसून भरीव असतील तर होल्डरखाली रबराचा जाड तुकडा घाला, एवढंच म्हणेन. तोही सावधगिरी म्हणून.

आता 'रविवारचे सायकलवाले'. आठवड्यातले चार दिवस मी ठाण्यातल्या कोपरीहून नवी मुंबईतल्या महापेला सायकलने जातो. कळव्याचा पूल, विटावा, दिघा, मग ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोली, रबाळे करत साधारण चौदा किलोमीटर. पावसात विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी भरलं की मुकाट्याने ट्रान्सहार्बरची लोकल पकडतो. तेव्हा मी रविवारचा नाही, असं ठणकावून लिहिणार होतो. बायकोने दोन्ही वाचलं, तुमचंही आणि माझा मसुदाही, आणि म्हणाली, "तुला रस्ता पाठ आहे म्हणून तू शहाणा. त्याला दर वीस मिनिटांनी नवीन पत्ता."

झालं. माझ्या लेखातली खरी खोट तीच होती. मला फोन फक्त ऑफिसपर्यंत शाबूत न्यायचा असतो. तुमच्यासाठी तो गवंड्याच्या थापीसारखा कामाचा. थापी पिशवीत ठेवून भिंत बांधा म्हणून गवंड्याला कोणी सांगत नाही. मी नेमकं तेच सांगत होतो. त्यामुळे 'लावूच नये' हे शब्द मागे घेतले.

पण नजरेचा मुद्दा मी सोडणार नाही. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला पाच मीटर. स्क्रीनवरचा पत्ता वाचायला दोन सेकंद लागले की सायकल दहा मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या जवळजवळ चार रिक्षांच्या लांबीएवढी. तेवढ्या अंतरात पार्क केलेल्या गाडीचं दार उघडतं, कुत्रं आडवं येतं, पाणीपुरीवाला गाडी वळवतो. फोन डोळ्यांसमोर आहे म्हणून हे अंतर कमी होत नाही. उलट समोर असला की आपण जास्त वेळा बघतो, हा माझा स्वतःवरचा अनुभव. नऊ महिने मी वेग बघत होतो. घरून ऑफिसला जाणाऱ्या माणसाला वेग बघून काय करायचंय?

तेव्हा फोन समोर ठेवा, पण कामं कानावर सोपवा. ऑर्डरचा आवाज बाकी सगळ्या आवाजांपेक्षा वेगळा ठेवा. वळणं बोलून सांगणारा आवाज चालू ठेवा. इअरफोन घालायचाच तर एकच, आणि तो डाव्या कानात. आपल्याकडे मागून येणारी गाडी उजवीकडून पुढे जाते, म्हणून उजवा कान मोकळा हवा. वाचायचं असेल तर पाय टेकून वाचायचं. तुम्ही म्हणाल, ऑर्डर घ्यायला मोजके सेकंद मिळतात, तेवढ्यात पाय कुठे टेकू? बरोबर आहे. ते सेकंद ठरवणाऱ्यांनी एकदा ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने सायकल चालवून बघावी. त्याचा दोष तुमच्या माथी मारायची माझी इच्छा नाही.

नकाशाबद्दल एक. गूगलने डिसेंबर २०१७ मध्ये भारतात दुचाकीसाठी वेगळा पर्याय आणला, आपण सगळे तोच लावतो. पण त्याच्या डोक्यात दुचाकी म्हणजे मोटारसायकल. तो बिनदिक्कत उड्डाणपुलावर चढवतो. घणसोली-तळवलीच्या पुलावर कंटेनरच्या शेजारून चढ चढताना मला एकदा घरची मंडळी आठवली. म्हणून निघण्याआधी रस्ता एकदा बघून पहिली दोन वळणं पाठ करतो, बाकीची आवाजावर. आणि शेवटचे दोनशे मीटर नकाशा कुणाच्याच कामाचा नसतो, हे तुम्हाला मी काय सांगावं! घरोंदा म्हणा, सिम्प्लेक्स म्हणा, कोपरखैरण्यातल्या बैठ्या घरांच्या रांगा म्हणा, तिथे इस्त्रीवाल्याला विचारलेलं बरं.

आता होल्डर. माझा फोन दोनदा पडला असं वर म्हटलं, त्यातल्या एकदाची गोष्ट सांगतो, म्हणजे माझी चूक तुम्हाला टाळता येईल. अडीचशे रुपयांचा स्प्रिंगचा होल्डर घेतला होता. फोन दोन जबड्यांत अडकवायचा, बस. विटाव्याकडून बाहेर पडताना चाक खड्ड्यात गेलं, आख्खा होल्डर हँडलवर गर्रकन फिरला, तोंड जमिनीकडे झालं आणि फोन निसटला. मागच्या रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला, मागच्यांना हात दाखवून थांबवलं आणि वर मलाच ऐकवलं, "काका, फोन सांभाळा, नाहीतर सायकल सांभाळा." फोन त्याच्या चाकापासून वीतभर अलीकडे पडला होता.

होल्डर फिरला कशामुळे, ते नंतर कळलं. हँडलचा दांडा सगळीकडे सारख्या जाडीचा नसतो. मधोमध, जिथे तो पकडलेला असतो, तिथे नव्या सायकलींवर बहुधा ३१.८ मिलिमीटर, जुन्यांवर २५.४. मुठीकडे गेलं की साध्या सरळ हँडलवर २२.२. माझा होल्डर जाड भागासाठीचा आणि मी तो लावला होता बारीक भागावर. स्क्रू कितीही आवळला तरी तो हलणारच. त्यावर औषध फुकटात मिळतं. पंक्चरवाल्याकडे जुनी ट्यूब मागा. तिची पट्टी कापून हँडलवर दोन वेढे द्या आणि त्यावर होल्डर आवळा. घसरणं थांबतं, आणि हादराही थोडा मरतो.

जागा शक्यतो स्टेमवर घ्या, म्हणजे हँडल आणि पुढच्या चिमट्याची नळी यांना जोडणाऱ्या तुकड्यावर. हँडलच्या टोकाकडे फोन लावला की वळताना तो मोठा फेरा घेतो, खड्ड्यात जास्त उडतो आणि पार्किंगमध्ये दुसऱ्या गाडीला घासतो. स्टेमवर तो जवळपास जागच्या जागी फिरतो. पट्टी टाकायला जागा नसेल तर निदान त्याला चिकटून लावा. फोन उभा ठेवा. आडवा ठेवला की ब्रेकच्या तारांना अडतो.

आणि फोन एकाच पकडीवर सोडू नका. चारही कोपऱ्यांना धरणारं रबर असलेला होल्डर स्प्रिंगच्या जबड्यापेक्षा कितीतरी बरा. पाव वळसा किंवा त्याहून कमी फिरवून खटकन अडकणारे होल्डर उत्तम, पण त्यांना खास कव्हर लागतं आणि ते महाग पडतं. तेव्हा त्याच जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद कडी कापा आणि फोन-होल्डर मिळून तिच्यात ओवा. स्क्रीनचा थोडा भाग झाकला जातो, पण हरकत नाही. शिवाय कव्हरच्या भोकातून दोरी काढून हँडलला बांधा. गेल्या दीड वर्षात मी फोन क्वचितच बाहेर लावला, पण लावला तेव्हा हाच जुगाड होता, आणि तो टिकला. नुसत्या लोहचुंबकावर मात्र विसंबू नका. मोटारीत ठीक आहे, आपल्या रस्त्यांवर सायकलला नाही.

पावसाळ्याचं तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण तुमचा सगळ्यात मोठा वैताग तोच असणार. टचस्क्रीनला बोट कळतं ते बोटातून वीज वाहते म्हणून, आणि पाण्याचा थेंबही तेच करतो. म्हणून पावसात फोन आपला आपण चालतो. माझ्या फोनने एकदा माझ्या सासऱ्यांना व्हिडिओ कॉल लावला होता. पारदर्शक पाऊच लावा, पण रोज रात्री उघडून वाळवा. बंद पाऊचमध्ये दमट हवा अडकते आणि आतूनच वाफ धरते. 'वॉटरप्रूफ' या शब्दावर जाऊ नका. आयपी ६७ (धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा) म्हणजे प्रयोगशाळेत, साध्या पाण्यात, एक मीटर खोल अर्धा तास. तेही नव्या फोनला. एकदा दुकानात स्क्रीन बदललीत की आतला चिकट सील पहिल्यासारखा राहीलच, याची खात्री नाही. पोर्ट ओलं असताना चार्जर लावू नका. आणि ओला फोन तांदळात पुरायचा नाही, हे अ‍ॅपलनेही सांगितलंय, तांदळाचे कण आत जातात.

एप्रिल-मेची गोष्ट उलटी. आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं अ‍ॅपल सांगतं, आणि दुपारच्या उन्हात, काळ्या कव्हरमध्ये, पूर्ण प्रकाशावर, जीपीएस चालू आणि वर पॉवर बँक जोडलेली, म्हणजे फोन तव्यावरच ठेवल्यासारखा. इतर फोनही यातून सुटत नाहीत. स्क्रीन अंधूक होते, चार्जिंग थांबतं, त्यात फोनची चूक नसते. चार्जिंग सावलीत थांबाल तेव्हा करा. पारदर्शक पाऊच उन्हाळ्यात काढून टाका.

चोरीचं थोडक्यात. इमारतीत वर जाताना फोन काढून घेता, हे गृहीत धरतो. सिग्नलला उभे असताना एक हात त्यावर असू द्या. आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर (स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की दिसतो) घरी कागदावर लिहून ठेवा. मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या सरकारच्या संचार साथी पोर्टलवर हरवलेला फोन बंद करता येतो, तिथे तो नंबर लागतो.

पोलीस सायकलवाल्याला फोनवरून काही बोलत नाहीत, असंही तुम्ही लिहिलंय. चालवताना हातातला फोन वापरण्याला लागू होणारं मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ मोटार वाहनांसाठी आहे, आणि पाव किलोवॉटपेक्षा कमी ताकदीची, २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची बॅटरीची सायकल त्या व्याख्येत बसत नाही. म्हणजे दंड नाही. पण गाडीचं दार अंगावर उघडायच्या आधी कलम बघत नाही.

राहिली पिशवी. ज्यांना माझ्यासारखा रस्ता पाठ आहे त्यांच्यासाठी पिशवीचा सल्ला अजून ठेवला आहे, किंमत मात्र काढून टाकली. सायकलच्या पिशव्या म्हणून जे विकतात त्याच आकाराची रेक्झिनची पिशवी बॅगा शिवणाऱ्याने कोपरी बाजारात माझ्या मेहुण्याला बनवून दिली, दोन वेल्क्रो आणि एक चेन. माझ्या पिशवीपेक्षा ती जास्त टिकाऊ दिसते. फोन पॅन्टच्या मागच्या खिशात ठेवून सायकल चालवणाऱ्यांना उद्देशून लिहिलेला परिच्छेदही तसाच आहे. पडलात तर त्या सपाट कठीण तुकड्यावरच माकडहाड आपटतं.

मूळ लेखात कॅमेऱ्याचा भाग खोडला आहे. पुसलेला नाही, आडवी रेघ मारून तिथेच ठेवला, म्हणजे काय चुकलं होतं ते दिसेल. शेजारी तुमच्या प्रतिक्रियेचा दुवा दिला आहे.

एक गोष्ट मात्र तुमच्याकडून हवी. दिवसभराच्या वापरात होल्डरचं आधी काय जातं, रबर की स्क्रू? माझा महिन्यातून चारदा लागणारा होल्डर त्याचं उत्तर देऊ शकत नाही. सवडीने लिहा, पाय टेकून.