399 मध्ये अनलिमिटेड, म्हणजे नेमकं काय करायचं

सगळ्यात आधी सांगतो, सकाळी नाश्ता करायचा नाही. रविवारी दुपारी एकचा पंजाबी बुफे आहे म्हटल्यावर शनिवारी रात्रीच हात आखडता घ्यायचा, सकाळी नुसता चहा, बिस्कीटसुद्धा नाही, कारण तुम्ही जेवायला चाललेला नाही आहात, वसुलीला चाललेले आहात. हा फरक ज्याला कळला नाही त्याने आपली साधी थाळी खावी, दोन पोळ्या एक भाजी, आणि गप घरी यावं. आमच्या सासऱ्यांना तो इतका कळला की शनिवारी दुपारपासून नुसत्या पाण्यावर होते, आणि रविवारी हॉटेलात टोमॅटो सूपचा पहिला बाऊल आणि त्यातले ते तळलेले ब्रेडचे तुकडे पोटात गेल्यावर हुश्श करून म्हणाले, झालं बुवा माझं. 399 चं सूप. वर टॅक्स.

पोरगं बरोबर असेल तर त्याचं वय घरातून निघतानाच ठरवून घ्या. शाळेच्या ॲडमिशनला जे वय लागतं ते इथे चालत नाही, इथे पाच वर्षांखालचे फुकट असतात, त्यामुळे दारात पोरगा साडेचारचा. मात्र त्यालाही नीट पढवून ठेवा, नाहीतर मॅनेजरने गालाला हात लावून बाळा कितवीत रे तू विचारलं की छाती फुगवून दुसरीत सांगतो. आमच्याने सांगितलं, तुकडीसकट.

आत शिरलात की लगेच प्लेट उचलायची नाही. आधी हात मागे बांधून एक फेरी मारायची, लग्नाच्या हॉलमध्ये मुलीचे वडील व्यवस्था बघत फिरतात तशी, आणि प्रत्येक झाकण उघडून बघायचं. झाकण उघडलं की आतल्या बाजूला जमलेलं वाफेचं पाणी डाळीत टपटपतं, ते बघून न बघितल्यासारखं करायचं. ह्या फेरीत तुम्हाला मालकाचा डाव दिसेल. सुरुवातीला काय असतं? सॅलड, पापड, दहीभल्ले, शेवपुरी, हाका नूडल्स (नॉर्थ इंडियन बुफेत नूडल्स काय करतात हे विचारायचं नसतं, तो आता पंजाबीच पदार्थ झालाय), मग जीरा राईसचा डोंगर. पनीर कुठे असतं? पार शेवटी, जिथे पोचेपर्यंत प्लेटमध्ये बोट ठेवायला जागा नसते. आणि भाताला केवढा मोठा पसरट चमचा ठेवलेला असतो बघा, पनीरला मात्र घरी तुपाच्या बरणीत असतो तेवढा.

म्हणून उलट्या टोकाकडून सुरुवात करा. लोक बघतील, बघू देत. समोरून येणारे काका अहो लाईन तिकडून आहे म्हणतील, त्यांना सांगायचं मला डाळ चालत नाही, डॉक्टरांनी सांगितलंय.

आता पनीर काढण्याचं तंत्र नीट ऐका, कारण सगळी वसुली इथे आहे. डाव सरळ बुडवायचा नाही, सरळ बुडवला की ग्रेव्ही येते, आणि ग्रेव्हीत कांदा टोमॅटो, म्हणजे तुमच्या घरीपण आहे. डाव तिरका करून तळाला न्यायचा, भांड्याच्या भिंतीला टेकवून हळूहळू वर ओढायचा, ग्रेव्ही निथळू द्यायची, आणि चमच्यात जे उरेल ते तुमचं. पहिल्या खेपेला सिमला मिरची येईल. दुसऱ्या खेपेलाही. धीर सोडू नका, मागे सात माणसं उभी आहेत, त्यातली एक बाई च्च च्च करते आहे, तरी सोडू नका. तिसऱ्या खेपेला जो पांढरा चौकोन वर येतो ना, तो आनंद मेन्यूवरून ऑर्डर देऊन खाणाऱ्याला सात जन्मात कळायचा नाही. तोंडात घातल्यावर तो बटाटा निघाला तर तो तुमच्या नशिबाचा भाग, हॉटेलचा दोष नाही.

भाज्या किती निवडायच्या असा प्रश्न नवखे लोक विचारतात. पाटीवर सहा नावं असली तरी आत भटारखान्यात सकाळीच दोनतीन मोठी पातेली लागलेली असतात, एक लाल मखनी, एक कांदा टोमॅटोची पिवळी, एक काजू नाहीतर मगज बियांची पांढरी, आणि मग त्यातच हे टाकलं की शाही, ते टाकलं की कढाई, वरून क्रीमची रेघ मारली की बटर मसाला. तेव्हा सगळ्या घ्या आणि प्रत्येक भाजी खाताना डोळे बारीक करून हिची टेस्ट वेगळी आहे हां असं म्हणा. बायकोला पटत नाही, पण म्हणा.

दुपारचं स्टार्टर संध्याकाळच्या ग्रेव्हीत सापडलं तर नाक मुरडू नका, परंपरा आहे ती. बटर चिकनसुद्धा, सांगतात त्याप्रमाणे, उरलेलं तंदुरी चिकन सुकून वाया जाऊ नये म्हणून टोमॅटो आणि लोण्यात घातलं त्यातूनच झालं, आणि ते नक्की कोणी पहिलं घातलं ह्यावरून 2024 पासून दिल्ली हायकोर्टात दोन रेस्टॉरंटांची केस चालू आहे. उरलेलं खपवलं म्हणून आपल्या घरी टोमणे ऐकावे लागतात, तिकडे लोक त्याचं श्रेय मिळावं म्हणून वकील लावतात.

नानबद्दल. नान टेबलावर येतो, तुम्ही मागाल तेव्हा नाही, प्लेटमधली भाजी संपेल तेव्हा. वेटर टोपली घेऊन तुमच्याच दिशेने येतो, तुम्ही हात वर करता, तो गोड हसतो आणि शेजारच्या टेबलाकडे वळतो. मग तुम्ही भाजी आणायला उठता, परत येता तर खुर्चीसमोर चार तुकडे ठेवून गेलेला असतो, आणि तंदूरमधून काढलेला मैद्याचा नान गार झाला की तो अन्न राहत नाही, चामडं होतं. दोन्ही हातांनी ओढा. कोपर शेजाऱ्याला लागलं तर सॉरी म्हणा.

उष्टं टाकल्यास जादा आकार पडेल अशी पाटी भिंतीवर असते, तिला घाबरायचं नाही. जो नूडल्सचा ढीग तुम्ही अनलिमिटेड ह्या शब्दाला भुलून वाढून घेतलात तो टिश्यू पेपरखाली बरोबर बसतो. त्यावर नानचा तुकडा आडवा ठेवा, म्हणजे नैसर्गिक वाटतं.

गोडाला जागा ठेवा असं सगळेच सांगतात, कोणी ठेवत नाही. गुलाबजाम स्वतः घ्यायचे असतात म्हणून ते पाचसहा सहज जातात. पण आईस्क्रीमपाशी मात्र माणूस उभा असतो, स्कूप त्याच्या हातात, आणि अख्ख्या बुफेत ही एकच जागा जिथे अनलिमिटेडला चेहरा असतो. पहिल्या वेळी तो हसतो. दुसऱ्या वेळी स्कूप लहान होतो. तिसऱ्या वेळी मुलासाठी हवंय म्हणा, साडेचार वर्षांचा आहे.

मग बिल. 399 चे पाच टक्के जीएसटी धरून 418 रुपये 95 पैसे होतात हे तुम्ही घरी मोबाईलवर काढलेलं असतं, तरी बिलावर तो आकडा बघून दचकायचं ते दचकायचंच. खाली सर्व्हिस चार्ज लावला असेल तर मात्र खरंच बोला, तो आपोआप बिलात घालता येत नाही असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्येच सांगितलंय आणि 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टानेही तेच उचलून धरलंय. पण बोलताना पोटाला हात लावू नका, आणि ढेकर आवरा. मी आवरू शकलो नाही, मॅनेजर म्हणाला, सर, एन्जॉय केलंत ना?

काय बोलणार.

राहता राहिली बडीशेप. ती काउंटरवर असते, खडीसाखर मिसळलेली, आणि तिच्यावर कोणाचीच नजर नसते. तेव्हा 418.95 मधले जे काही उरलेत ते इथे वसूल करायचे, एक मूठ तोंडात, दुसरी मूठ टिश्यूत बांधून शर्टाच्या खिशात. ती पुडी घरी गेल्यावर आठवत नाही. मंगळवारी वॉशिंग मशीन उघडल्यावर आठवते, सगळ्या काळ्या पँटींना चिकटलेली, आणि आतून बायको हाक मारते, अहो, जरा इकडे या बरं.