भिंतीवरचा वर्मी उलटा आहे

आज डोकं फिरलंय, पोस्ट लांबणार. ज्यांना घाई आहे त्यांनी पुढे सरकावं.

दुपारी भाच्यानं एका बोर्डगेम कॅफेत नेलं. पुण्यातलाच आहे, नाव सांगत नाही. "मामा, तुला आवडेल," म्हणाला. कॉफी सांगितली, मान वर केली, तर समोरची अख्खी भिंत जुन्या 'ड्रॅगन' मासिकाच्या पानांनी मढवलेली. झेरॉक्स नाही, खरी पानं. फाडून, खळ लावून चिकटवलेली, वरून वॉर्निश. आणि बरोबर मध्यभागी 'वर्मी' या चित्रकथेचं रंगीत पान. उलटं!

काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, अरे हे उलटं लावलंय. तो म्हणाला, "काका, व्हिंटेज लुक आहे. उलटंसुलटं कुणाला कळतंय?"

मला कळतंय ना!

आता ज्यांना 'ड्रॅगन' म्हणजे काय हेच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं छोटं गाव आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ तिथून १९७४ साली निघाला आणि १९७६ च्या जूनमध्ये त्याचं हे मासिक सुरू झालं. कागद, पेन्सिल, फासे आणि तोंडानं सांगायची गोष्ट, एवढ्यावर चालणारा खेळ.

तर झालं असं की माझा मामा तेव्हा मिलवॉकीला होता, म्हणजे लेक जिनिव्हापासून तास-दीड तासावर. त्याला या खेळाचा गंधही नव्हता. १९८८ च्या दिवाळीला त्यानं आईसाठी येणाऱ्याबरोबर एक मिक्सर पाठवला. मिक्सर निघाला ११० व्होल्टचा, तो सांगलीत एक दिवसही फिरला नाही, थेट माळ्यावर गेला. पण त्याच्या काचेच्या भांड्याभोवती, फुटू नये म्हणून, सात मासिकं गुंडाळलेली होती. 'ड्रॅगन'चे सात अंक.

मी तेरा वर्षांचा, ताई पंधराची. दिवाळीची सुट्टी. फराळ संपेस्तोवर आम्ही दोघांनी डिक्शनरी घेऊन ते सातही अंक फोडले. पण खेळाचं मूळ पुस्तक कुठंय? नाहीच! म्हणजे पाठ्यपुस्तक नाही, नुसतं अपेक्षित. त्यात 'सेज अॅडव्हाइस' म्हणून एक सदर असायचं, लोकांनी नियमांबद्दल शंका विचारायच्या आणि मासिकवाले उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांवरून आम्ही नियम काय असतील ते ताडायचो. वीस बाजूंचा फासा नव्हता, मग वीस चिठ्ठ्या पितळी पेल्यात. 'सेव्हिंग थ्रो' म्हणजे खरं तर संकटातून वाचण्यासाठी टाकायचा फासा, पण बुडणाऱ्याला दोर फेकणे, असं ताईचं ठाम मत होतं.

आणि तो एसी! आर्मर क्लास. त्या काळच्या नियमांत आकडा जितका कमी तितकं संरक्षण जास्त. लोखंडी चिलखत घातलेल्याला ३, उघड्याला १०. हे कुठल्या शहाण्या माणसाला पटेल? आम्ही ठरवलं, ही छपाईची चूक. त्यामुळे आमच्या खेळात सगळे योद्धे बनियनवर लढायला जायचे. जितके कपडे कमी तितका वीर मोठा. ताईनं संपादकांना ही चूक कळवणारं इंग्रजी पत्रही लिहिलं होतं. बाबा म्हणाले, अमेरिकेला छपाईची चूक कळवायला तिकिटाचे पैसे मिळणार नाहीत. पत्र ट्रंकेत राहिलं.

हे असं प्रेम आहे हो. आणि तुम्ही वॉलपेपर करता?

मला राग कशाचा येतोय ते लिहिता लिहिता कळतंय. "सगळं पीडीएफमध्ये आहे की" असं भाचाही म्हणाला. आहे, माहितीय. १९९९ साली पहिले अडीचशे अंक सीडीवर आले होते. तेही एका अर्थी उपकारच, मान्य. पण पीडीएफमध्ये माणूस हवं ते शोधतो आणि निघतो. आम्ही जाहिरातीसुद्धा पाठ केल्या होत्या. आणि वाचकांची पत्रं! परी किती वेगानं उडते यावर मोठी माणसं पोटतिडकीनं भांडतायत, आणि ते कुणीतरी पैसे खर्चून छापतंय. ते भांडण वाचून सांगलीतल्या एका मुलाला वाटायचं की आपण वेडे नाही, आपल्यासारखे आणखी आहेत.

शेजारच्या टेबलावर एक मुलगी गिथयांकी योद्धा खेळत होती (गिथयांकी म्हणजे या खेळातली एक काल्पनिक जमात). बहुतेक 'बॉल्डर्स गेट ३' या व्हिडिओगेममुळे. तिला माहीत असेल का की हे गिथयांकी इंग्लंडमधल्या एका शाळकरी पोरानं 'व्हाइट ड्वार्फ' मासिकाला पाठवले होते? चार्ल्स स्ट्रॉस. पुढे तो नावाजलेला विज्ञानकथालेखक झाला, पण तेव्हा नुसता एक वाचक. मासिकानं छापलं, १९८१ च्या 'फीन्ड फोलिओ' या खेळातल्या राक्षसांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ते पोचले, आणि चाळीस वर्षांनी पुण्यात एक मुलगी तलवार उपसतेय. आज एखाद्या पोरानं पाठवलं तर छापणार कोण?

सगळंच सोनं होतं असं नाही, ते कबूल. १९७६ च्या तिसऱ्या अंकात स्त्रीपात्रांसाठी वेगळे नियम होते, ताकद कमी आणि 'सौंदर्य' म्हणून वेगळा आकडा. ताईला तो अंक त्या वेळी मिळाला असता तर तिनं बाबांच्या खिशातून तिकिटाचे पैसे चोरले असते.

पण वर्मी. वर्मी म्हणजे सिगार ओढणारा, बिलियर्ड्स खेळणारा ड्रॅगन. डेव्हिड ट्रॅम्पियर नावाचा चित्रकार ही चित्रकथा काढायचा. १९७८ च्या 'प्लेयर्स हँडबुक' या नियमांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरची ती अवाढव्य मूर्ती आणि तिच्या डोळ्यातलं रत्न उपटणारे दोन चोर, तेही त्याचंच काम. आमच्या सात अंकांतला शेवटचा एप्रिल १९८८ चा, क्रमांक १३२. त्यात वर्मीची गोष्ट ऐन मध्यात थांबते. आम्हाला वाटायचं, पुढचा भाग १३३ मध्ये असणार, आणि तो आपल्याकडे नाही. किती वर्षं तसंच वाटत होतं. मामाला पत्रातून विचारूनही झालं, त्यानं "बघतो" लिहिलं.

पुढचा भाग कुणाकडेच नव्हता. ट्रॅम्पियरनं त्या अंकानंतर काम सोडलं आणि तो या जगातून गायबच झाला. मेला की काय असंही लोकांना वाटायचं. बऱ्याच वर्षांनी इलिनॉयमधल्या कार्बनडेलला विद्यापीठाच्या वर्तमानपत्रात एका टॅक्सीवाल्याबद्दल मजकूर आला, तो हाच. मार्च २०१४ मध्ये गेला. वर्मी अर्धाच राहिला.

म्हणून ते पान उलटं बघवलं नाही. बस.

संध्याकाळी ताईला फोन केला. (भाचा तिचाच.) मला वाटलं, माझ्यापेक्षा जास्त चिडेल. ती आधी खूप हसली. मग म्हणाली, "तू त्या पोरांना उगाच बोललास. मामानं ती मासिकं तुला वाचायला पाठवली होती का? रूममेटची रद्दी होती, भांड्याभोवती गुंडाळली. त्यानं जपून ठेवली असती तर आपल्याला मिळाली असती का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाहीये. शिवाय, खरं सांगायचं तर, ती पोरं दर रविवारी सहा-सात जणं जमून खरोखर खेळतात, नियमांचं पुस्तक समोर उघडं ठेवून. मी पन्नाशी ओलांडली तरी एकदाही नीट खेळलेलो नाही. वाचलंय फक्त.

छापील 'ड्रॅगन' २००७ च्या सप्टेंबरला ३५९ व्या अंकावर बंद झाला. आमचे सातही अंक माझ्या कपाटात आहेत, एकावर अजून काचेच्या भांड्याचा गोल वळ आहे.

आत्ताच भाच्याचा मेसेज आला. गिथयांकीवाल्या मुलीला त्यानं बनियनवाल्या योद्ध्यांची गोष्ट सांगितली. ती म्हणतेय, काकांना रविवारी घेऊन ये, एक जागा आहे. ताई म्हणाली मीही येते, पण चिलखत घालून. जाईन बहुतेक. खुर्ची मात्र मला त्या भिंतीकडे पाठ असलेली हवी.