‘गुबा, बुआक, दाओत’ : त्या यादीबद्दल खुलासा

फिलिपिन्सच्या दवाव शहरात मेडिकलला जाणाऱ्या मुलांच्या आणि पालकांच्या ग्रुपवर एक यादी फिरते आहे. तिचं म्हणणं असं, की गुबा, बुआक, दाओत, गिसी हे सगळे टागालोग शब्द आहेत आणि सगळ्यांचा इंग्रजी अर्थ एकच, ‘डिस्ट्रॉय’. दोन्ही चूक.

हे शब्द सेबुआनोतले. दवावमध्ये घरीदारी हीच भाषा चालते; टागालोग तिथे समजतं, पण ती वेगळी भाषा. जॉन वुल्फ यांच्या १९७२ च्या सेबुआनो कोशात शब्द ताडून पाहिले.

आपल्याकडे काच फुटते, कापड फाटतं, काठी मोडते, तिथेही तसंच. काच, कपबशी फुटली की बुआक. कापड, कागद फाटला की गिसी. काठी किंवा हाड मोडलं की बाली (हा यादीत नाहीच). दाओत म्हणजे नुकसान होणं, बिघडणं. गुबा मोडतोडीला चालतो, पण बंद पडलेल्या यंत्रालाही. लिफ्टवर ‘गुबा’ लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, जिन्याने जा. समूळ नाशाला लागलाग हा शब्द आहे.

यादीतला ‘सिरा’ मात्र खरोखर टागालोग, अर्थ बिघडलेलं. गोची अशी, की सेबुआनोत सिरा म्हणजे बंद करणं, दार वगैरे. दुरुस्तीवाल्याला ‘सिरा’ सांगाल तर घोटाळा होऊ शकतो.

ती यादी कृपया पुढे पाठवू नका. पाठवली असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.