‘त्या पुलावर बघण्यासारखं आहे तरी काय?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’च्या शूटिंगच्या जागांवर मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: स्वित्झर्लंडला जाऊन एका साध्या पुलाचे फोटो काढण्यात काय अर्थ आहे? सिनेमा तर खोटाच, पंजाबचं म्हणून दाखवलेलं स्टेशन आपल्या रायगड जिल्ह्यातलं आपटा. असे लेख वाचून हौशी मंडळी रुळांवर रील काढायला जातात. आणि ज्या सिनेमात मुलगी बापाने हात सोडल्यावरच पळू शकते, त्याचं एवढं कौतुक कशाला? तुमचं आजोळ आपट्याजवळच्या रसायनीकडचं आहे, म्हणून आपट्याबद्दल तुम्ही जास्त कळकळीने लिहिलंय, हेही लक्षात आलं. दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी पुलाचं. स्वित्झर्लंडमधल्या सानेन गावातला, सिनेमात दिसलेला तो पूल लहानसाच आहे, तिथे पाहण्यासारखं भव्य काहीही नाही, हे तुमचं अगदी बरोबर. पण मी तिथे भव्य काही बघायला गेले नव्हते. एक सिनेमा बनतो कसा, हे मला बघायचं होतं आणि ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. नकाशावर सिनेमातल्या स्वित्झर्लंडमधल्या जागा जोडून बघा. माँबोव्हाँ, सानेन, गश्टाड, त्स्वायसिमेन ही चारही ठिकाणं एकाच रेल्वेमार्गावर आहेत. माँत्रो शहराहून निघणारा हा मार्ग त्स्वायसिमेनपर्यंत जेमतेम ६२ किलोमीटरचा. सिनेमात राज आणि सिमरन निम्मा युरोप पालथा घालतात असं आपल्याला वाटतं, पण त्यांच्या प्रवासाचा जो भाग आपल्या मनात घर करून बसलाय, तो बराचसा या एका ओळीत मावतो. युनिटला एका खोऱ्यात मुक्काम टाकून चर्च, बाजार, पूल, स्टेशन सगळं हाताशी मिळालं असणार. जागा निवडणाऱ्याची नजर काय असते, हे मला त्या गाडीत बसल्यावर उमगलं.

त्या दोघांची गाडी चुकते ते स्टेशन त्स्वायसिमेन. तिथल्या फलाटावर मी बराच वेळ काढला, कारण तिथे रुळांच्या दोन रुंदी एकाच आवारात दिसतात. माँत्रोकडून येणारे रूळ मीटर गेज, म्हणजे १००० मिलिमीटरचे. पुढे श्पीत्सकडे जाणारे १४३५ मिलिमीटरचे. त्यामुळे सिनेमा आला त्या काळात श्पीत्सकडे जाणाऱ्या प्रत्येकाला इथे उतरून गाडी बदलावीच लागायची. २०२२च्या डिसेंबरपासून चाकांमधलं अंतर बदलता येणारी गाडी सुरू झाली आणि ती थेट इंटरलाकेनपर्यंत जाते. कथेत ती गाडी झुरिकची असते. त्या दृष्टीने ही जागा चुकीचीच. पण गाडी चुकण्याच्या प्रसंगासाठी, मुळात गाडी बदलण्यासाठीच असलेलं स्टेशन मिळावं, हे मला फार आवडलं.

आता ‘खोटेपणा’कडे येते. आपटा पंजाबात नाही, हे शाळकरी पोरालाही माहीत आहे. पण तेच का निवडलं असेल, याचा विचार करा. पनवेलहून आपट्यापर्यंतचा मार्ग १९६६ सालचा, पुढे रोह्यापर्यंत रूळ पोचले १९८६ मध्ये. कोकण रेल्वे रोह्याच्या पुढे सुरू होते आणि ती पूर्ण लांबीने धावायला लागली जानेवारी १९९८ मध्ये. सिनेमा लागला २० ऑक्टोबर १९९५ला. म्हणजे शूटिंग झालं तेव्हा मुंबईहून गोव्याला आणि मंगळूरला जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या इथून जातच नव्हत्या. मुंबईहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं, भोवती हिरवळ आणि वर्दळ कमी असलेलं स्टेशन कोणत्याही निर्मात्याला हवंच असतं. आज तिथे दुहेरी मार्ग आहे, डोक्यावर विजेच्या तारा आहेत. आज सिनेमाच्या शेवटचा तो गाडीचा प्रसंग तिथे चित्रित करायचा म्हटला तर रेल्वे किती वेळ मोकळा देईल, शंकाच आहे.

आपट्याच्या फलाटावर मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. सुटलेल्या गाडीबरोबर धावत सुटलं तर फलाट संपायला किती वेळ लागेल? फार नाही. पडद्यावर मात्र सिमरनचं धावणं संपता संपत नाही. दार, धावणारी ती, पुढे केलेला हात, बापाचा चेहरा, पुन्हा हात. अनेक वेळा धावून घेतलेले तुकडे संकलक केशव नायडूंनी असे जोडलेत की फलाट लांबत जातो. हे घरी बसून मला कधीच जाणवलं नव्हतं. तुम्ही ज्याला खोटं म्हणता, ती मला कारागिरी वाटते, आणि ती जिथे घडली ती जमीन बघावीशी वाटणं यात मला काही गैर दिसत नाही.

बापाने हात सोडण्याबद्दल तुम्ही लिहिलंय, ते मात्र मला पटतं. सिमरनला स्वतःचा निर्णय स्वतः घेऊ दिला असता तर मला अधिक आवडलं असतं. आपट्याच्या फलाटावर हेच मनात होतं. पण एखाद्या कलाकृतीशी भांडण असलं म्हणून तिच्या जागेकडे पाठ फिरवायची, हे मला जमणार नाही. भांडण आहे म्हणूनच तर मी ती इतक्या बारकाईने बघते.

गर्दीचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, आणि त्यात मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. इझेल्टवाल्डचं उदाहरण बघा. ब्रिएन्झ सरोवराकाठचं चिमुकलं गाव, एका कोरियन प्रेममालिकेत तिथला लाकडी धक्का दिसला आणि माणसांची रीघ लागली. शेवटी २०२३मध्ये गावाने धक्क्यावर फिरकं दार बसवून पाच फ्रँक घ्यायला सुरुवात केली. गावकऱ्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आपट्याला तर प्रश्न जिवाचा आहे. रुळांवर उतरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आता तिथून वेगाने जाणाऱ्या गाड्या खूप आहेत आणि त्यातल्या बऱ्याच आपट्याला थांबत नाहीत. चालत्या गाडीच्या दारातून हात पुढे करायचा तो सीन ‘रिक्रिएट’ करू नका, कोणाला करू देऊ नका. ही सूचना मी आजच मूळ लेखात सगळ्यात वर, ठळक अक्षरांत टाकतेय.

खर्चाचं म्हणाल तर, सिनेमासाठी म्हणून कर्ज काढून स्वित्झर्लंडला जा असं मी कोणालाच सांगणार नाही. पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या पॅसेंजरने आपट्याला अगदी थोडक्या पैशांत जाता येतं. फेऱ्या मोजक्याच असल्याने परतीची वेळ आधी बघून ठेवावी. आणि ज्यांना कुठेच जायचं नाही त्यांच्यासाठी मुंबई सेंट्रलचं मराठा मंदिर चित्रपटगृह आहे. डिसेंबर २०१४मध्ये तिथे या सिनेमाने हजार आठवडे पूर्ण केले.

एक विनंती. तुमच्या आजोळची कोणी वडीलधारी मंडळी ते शूटिंग बघायला गेली होती का, एवढं विचाराल? गाडी किती वेळा पुढेमागे केली, गावातल्या कोणाला गर्दीत उभं केलं होतं का, गावकऱ्यांना त्या दिवशी गाडीत चढू दिलं का, हे कुठल्याही मुलाखतीत मला सापडलेलं नाही. त्यांनी सांगितलं तर त्यांच्याच शब्दांत लिहून पाठवा. त्यांची परवानगी असेल तर मी ते जसंच्या तसं छापेन.