सर, तुमच्या नोट्स फोन वाचत नाही

गेल्या जुलैतली गोष्ट. एस.वाय.चा एक मुलगा तास संपल्यावर टेबलाजवळ थांबला. त्याला जन्मापासून दिसत नाही. म्हणाला, "सर, तुमच्या नोट्स माझा फोन वाचत नाही." मला आधी काही उमगेना. नोट्स वर्गाच्या ग्रुपवर टाकल्या होत्या, सगळ्यांना मिळाल्या होत्या. त्याने फोन माझ्या कानाशी धरला. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं टॉकबॅक सुरू होतं. पेशवाईतल्या महसूल व्यवस्थेवरची माझी बारा पानं, आणि ऐकू येत होती नुसती इंग्रजी अक्षरं, मध्येमध्ये कंस आणि स्वल्पविराम. एक मराठी शब्द नाही.

आता फोन-संगणक मराठी अक्षर मराठी म्हणूनच ओळखतात ते युनिकोडमुळे; माझ्या नोट्स ते येण्याआधीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या. पडद्यावर 'महसूल' दिसतं, पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरंच असतात. बघणाऱ्याला काही फरक पडत नाही, ऐकून वाचणाऱ्याच्या हाती मात्र काहीच लागत नाही. मग एफ.वाय.ला याने अभ्यास केला कसा? होस्टेलमधला मित्र रात्री जेवणानंतर वाचून दाखवायचा, हा रेकॉर्ड करून घ्यायचा. मित्र गावी गेला की अभ्यास बंद. वर्षभर तो माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसत होता आणि मी एकदाही विचारलं नव्हतं, बाळा, तू वाचतोस कसं? याची मला मनापासून लाज वाटते.

कायदा आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले. अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सियासारखी), स्वमग्नता (ऑटिझम) हेही त्यात आले. सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांत किमान ५ टक्के जागा राखीव ठेवायच्या आहेत. प्रवेशाच्या वेळी आम्ही तो रकाना भरतोही. पण मूल वर्गात येऊन बसलं की पुढचं सगळं त्याच्या गळ्यात. वर्ग दुसऱ्या मजल्यावर असेल तर अर्ज त्यानेच करायचा, परीक्षेत तो सांगेल ते उत्तर लिहिणारा लेखनिक त्यानेच शोधायचा, दर सेमिस्टरला नव्याने सगळ्यांना सगळं समजावून सांगायचं. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराने किती वेळा हात जोडायचे?

लेखनिकाचंच बघा. नोव्हेंबरच्या परीक्षेला आमचं केंद्र दुसऱ्या कॉलेजात होतं. याचा लेखनिक म्हणजे शेजारची बारावी झालेली मुलगी. परवानगीचं पत्र आधीच दिलं होतं, पण ते ऑफिसातून परीक्षेच्या खोलीपर्यंत पोचलंच नाही. पर्यवेक्षक म्हणाले, सही आणा. दोघं जिना उतरून ऑफिसात, तिथून परत वर. पंचवीस मिनिटं गेली. तीन तास झाल्यावर पेपर मागायला आले. तासाला किमान वीस मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास, हे २०१८ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय. ते मला फोनवरून वाचून दाखवावं लागलं. तोवर त्या मुलीने घाबरून पेन खाली ठेवलं होतं.

स्टाफरूममध्ये एक वाक्य नेहमी कानावर येतं: जादा वेळ दिला तर बाकीच्यांवर अन्याय होतो. असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्या खोलीत बसून बघावं. आपण खोडतो, बाण काढतो, समासात एखादा मुद्दा घुसडतो. तो म्हणतो, "मागचा परिच्छेद वाच." ती वाचते. "तिसऱ्या वाक्यात 'कमाविसदार' लिहिलंस ना?" (पेशवाईतला महसूल अधिकारी.) ती विचारते, "स दंत्य की शहामृगाचा श?" उत्तर डोक्यात तयार असतं, पण ते दुसऱ्याच्या हातातून कागदावर उतरायला वेळ लागतो. तो जादा तास त्यातच जातो.

ज्यांचं अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही त्यांचं तर आणखी अवघड. दहावी-बारावीला अध्ययन अक्षमतेच्या सवलती घेतलेली मुलं कॉलेजात आली की ते सांगतच नाहीत. 'मतिमंद आहे का?' हा प्रश्न त्यांनी शाळेत ऐकलेला असतो. प्रमाणपत्रावर अपंगत्व ४० टक्के भरत नाही म्हणून लेखनिक न देता परत पाठवलेलेही आहेत. वास्तविक विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्येच सांगितलंय की केवळ ४० टक्क्यांच्या अटीवर बोट ठेवून लेखनिक नाकारता येणार नाही. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या उमेदवाराचं ते प्रकरण होतं. हा निकाल प्रत्येक परीक्षा विभागाच्या भिंतीवर लावला पाहिजे, असं मला फार वाटतं.

दिवाळीच्या सुट्टीत नोट्स युनिकोडमध्ये घ्यायला बसलो. कन्व्हर्टरमधून काढल्या तरी जोडाक्षरं आणि रफार फुटतात, ओळ न् ओळ तपासावी लागते. एकशे दहा पानं झाली, साठेक उरलीत. पहिला धडा पाठवला त्या रात्री त्याचा व्हॉइस मेसेज आला: "सर, पान चारवर सनावळी चुकलीय." खरंच चुकली होती. इतकी वर्षं डोळस मुलं त्याच नोट्स वाचत होती, एकानेही सांगितलं नव्हतं.

एप्रिलमध्ये त्याचे सहा पेपर आहेत आणि शेजारची मुलगी आता नर्सिंगला गेली. बी.ए.च्या मुलाला स्वतःचा लेखनिक न्यायचा तर तो त्याच्यापेक्षा कमी शिकलेला लागतो, म्हणून मी स्वतः बसू शकत नाही. बारावी झालेलं, मराठी शुद्ध लिहिणारं, चार तास न कंटाळता बसेल असं कुणी आमच्या तालुक्यात असेल तर मला मेसेज करा. पेपरच्या आधी दोन-तीन संध्याकाळी त्याच्याबरोबर सराव करावा लागेल. येण्याजाण्याचं भाडं मी देईन.